गणिताचं वेड असलेल्या मुलीला नववीपासून वसतिगृहात ठेवावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही तासगावला राहतो. लेक आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. तिला गणित आवडतं एवढंच सांगून भागणार नाही, म्हणून एक प्रसंग सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत ती बेदाण्याच्या सौद्याच्या जुन्या पट्ट्या घेऊन बसली होती, पाठकोऱ्या बाजूवर लिहीत. ओळीने कुठलेही चार आकडे घ्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यात एक मिळवायचा. १, २, ३, ४ घेतले की २५. २, ३, ४, ५ घेतले की १२१. त्याच्या पुढचं ३६१. दर वेळी पूर्ण वर्गच येतो, हे तिचं तिलाच दिसलं होतं. का येतो, यामागे मग चार दिवस गेले. जेवताना गप्प, अंथरुणात पडल्यावरही गप्प. चौथ्या दिवशी मी भाकऱ्या करत होते तर पळत आली. "आई, पहिल्याला चौथ्यानं गुण आणि दुसऱ्याला तिसऱ्यानं. दोन्हींत कायम दोनाचाच फरक पडतोय बघ! मग त्यांच्या मधला आकडा घ्यायचा, त्याचाच वर्ग येतो." तवा उतरवून तिच्याबरोबर कागद घेऊन बसले तेव्हा मला समजलं. ३, ४, ५, ६ मध्ये १८ आणि २०, मधला १९, आणि १९ चा वर्ग ३६१. तिचा तेव्हाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

शाळेतले गणिताचे सर फार चांगले आहेत. स्वतःची जुनी पुस्तकं त्यांनी तिला देऊन टाकली. जानेवारीत मात्र तेच म्हणाले, "वहिनी, माझ्याकडचं आता संपत आलं. हिला हिच्यासारखी पोरं भेटली पाहिजेत." गेल्या सप्टेंबरात त्यांनीच तिला गणित ऑलिम्पियाड या स्पर्धेच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला बसवलं होतं, आयओक्यूएमला. तीन तास, तीस प्रश्न. निवड झाली नाही, पण घरी आल्यावर सुटलेली गणितं सोडून न सुटलेलीच घेऊन बसली. पुढची पायरी आरएमओ. तिथे तीन तासांत सहाच प्रश्न असतात, आणि नुसतं उत्तर चालत नाही, पूर्ण सिद्धता लिहावी लागते.

आता अडचण. पुण्याजवळच्या एका निवासी शाळेने परीक्षा घेऊन तिला नववीसाठी प्रवेश देऊ केलाय. वर्षाची फी दोन लाख चाळीस हजार, त्यातली निम्मी माफ. मिस्टरांना वाटतं ही संधी सोडू नये. सासूबाईंचा जीव तुटतो, "तेरा वर्षांची पोर, आजारी पडली तर कपाळावर हात कोण ठेवणार?" दोघांचंही मला पटतं.

आम्ही शाळा बघून आलो. इमारत, जेवण, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर, सगळं नीट वाटलं. मी अडखळले ती वेळापत्रकाशी. साडेपाचला उठायचं, दुपारपर्यंत शाळा, चार ते सात जेईईचं फाउंडेशन, आठ ते दहा सक्तीचा अभ्यास, दहाला दिवे बंद. रविवारी सकाळी चाचणी. मी विचारलं, एखाद्या मुलीला एकाच गणितावर चार दिवस घालवायचे असतील तर? तिथले सर म्हणाले, "तेवढा वेळ कुणाला असतो मॅडम? आधी सिलॅबस, ऑलिम्पियाडचं नंतर बघू." ते रागाने बोलले नाहीत, पण परत येताना गाडीत माझ्या डोक्यात तेवढंच वाक्य फिरत होतं.

पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं. तिथे ऑलिम्पियाडची तयारी करून घेतात. मला वाटलं, पोरगी पुण्याजवळ असली तर रविवारी तिथे जाईल. पण शाळा महिन्यातून एकदाच बाहेर सोडते, तेही पालक न्यायला आले तरच.

दुसरा रस्ता पलूसच्या जवाहर नवोदयचा. आपल्याच जिल्ह्यात, राहणं-जेवण-शिक्षण मोफत. नववीला तिथे रिकाम्या जागांवरच घेतात, त्यामुळे जागा मोजक्या. फेब्रुवारीत तिने परीक्षा दिली आहे, निकाल यायचाय. तिसरा रस्ता म्हणजे दहावीपर्यंत घरीच राहायचं, ऑनलाइन कुणीतरी मार्गदर्शक शोधायचा आणि अकरावीला बाहेर पाठवायचं.

मिस्टर म्हणतात, जेईईचा पाया पक्का झाला तर नुकसान काय? नुकसान नाही, हे मलाही कळतं. पण हिला इंजिनिअर व्हायचंच नाहीये. चेन्नईचं सीएमआय आणि बंगळुरू-कोलकात्याचं आयएसआय, ही गणित-संख्याशास्त्राच्या संस्थांची नावं सरांकडून ऐकल्यापासून तिच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. तिथे गणिताच्या पदवीच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या असतात, जेईईच्या गुणांवर त्याला घेत नाहीत. मग चार वर्षं तिला त्या घाण्याला का जुंपायचं?

तरीही मी सरळ "नको" म्हणत नाही, याचं कारण लेकच आहे. शाळा बघून आल्यावर तिने एकच विचारलं, "तिथे माझ्यासारखं कुणी असेल का गं?" इथे तिच्या मैत्रिणी गोड आहेत, पण त्या चार आकड्यांची गंमत तिने सांगायला घेतली की विषय बदलतात. तिचा एकटेपणा मला दिसतो. तो घालवण्यासाठी तिला एकटं पाठवायचं, हेच मला समजत नाहीये.

ज्यांनी मुलांना आठवी-नववीत निवासी शाळेत घातलंय किंवा जे स्वतः वसतिगृहात वाढलेत, त्यांनी कृपया लिहा. अशा वेळापत्रकात मुलांना स्वतःचं काही करायला वेळ मिळतो का? तिथे सोबत मिळते की नुसती स्पर्धा? नवोदयमध्ये गणितात रमणाऱ्या मुलांना शिक्षक मोकळीक देतात का? आणि सांगली-मिरज-कराड भागात ऑलिम्पियाडचं गणित शिकवणारं कुणी माहीत असेल, तर तेवढ्यानेही आमचा प्रश्न बराच सुटेल.

पहिला हप्ता १५ एप्रिलपर्यंत भरायचाय. नवोदयचा निकाल त्याआधी लागला नाही तर थांबावं का, हेही सांगा. तुम्ही लिहाल ते मी लेकीला वाचून दाखवणार आहे, त्यामुळे तिलाच काही सांगायचं असेल तर थेट तिला उद्देशून लिहिलंत तरी चालेल.