टाकीखालच्या स्लॅबला तडा: पुट्टी भरायची की फोडून काढायचं?

प्रश्न: गच्चीवरच्या टाकीखालच्या स्लॅबला चारेक फूट तडा गेलाय, खपली सुटल्यासारखी वाटते आणि खाली माणसं झोपतात. काय करावं?

ओळंबा: सोलापुरात वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतींत टाकीखालच्या स्लॅबला तडा दिसला, की पुट्टी भरून रंग मारून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत: तडा सळईच्या रेषेत धावत असेल तर हे दुखणं झाकणं आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. हातोडीनं हलकं ठोका. भद्द आवाज आला, तर काँक्रीटची खपली सळईपासून सुटली समजा.

काळीमाती: कोकणातल्या खाऱ्या हवेचं गणित इथं लावू नका. समुद्र नाही, हवा बहुतेक कोरडी. गंजायला ओल आणि प्राणवायू दोन्ही लागतात. इथले बरेच तडे काळ्या मातीचे: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो, भिंतीला तिरकी चीर जाते. शिवाय आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) सर्वसाधारणपणे ०.३ मि.मी.पर्यंतचा तडा चालवून घेतं. लोकांना उगाच घाबरवू नये.

ओळंबा: भिंतीतली तिरकी चीर मी धरलेलीच नाही. ०.३ ची मर्यादा भारानं पडणाऱ्या, सळईला आडव्या तड्यांना धरून आहे. गंजानं फुटलेल्या काँक्रीटला ती लावायची नसते. आणि कोरडी हवा म्हणाल, तर नळाला रोज पाणी नाही म्हणून प्रत्येक गच्चीवर टाक्या. गळक्या टाकीखाली ओल बारा महिने असते.

थापी: पाण्याचं कुणी बोललंच नाही. आरसीसीच्या (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) पाण्यात लिटरला ५०० मि.ग्रॅ.च्या वर क्लोराइड (पाण्यातला खारेपणा) नको, असं आयएस ४५६:२००० सांगतं. बोअरचं पाणी न तपासता मालात घातलं असेल, तर सळईला जागोजागी खड्डे पडतात, आणि हे खपली निघायच्या आधीच होऊन बसतं.

काळीमाती: मग आधी तपासा! ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन (अल्कता दाखवणारं रसायन) फवारा. गुलाबी झालं तर सळईला गंजापासून जपणारी अल्कता शाबूत, रंग आला नाही तर कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं अल्कता जाणं) तिथवर पोचलंय. क्लोराइड यात कळत नाही, त्यासाठी ड्रिलची भुकटी लॅबला द्या. दोन्ही ठीक आणि सळई स्वच्छ असेल, तर फोडकाम कशाला?

ओळंबा: तपासणी मान्य. पण गंज निघाला तर अर्धवट काम नको. आधी खाली प्रॉप (टेकू) लावा. सळईच्या मागे २०-२५ मि.मी. मोकळं करा, ब्रशनं चकचकीत घासा आणि व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या साधनानं) मोजा. १० मि.मी.ची सळई ८ उरली, तर सळईच्या छेदाचं ३६ टक्के क्षेत्रफळ गेलं. नवी सळई पुरेसा लॅप देऊन (जुन्या सळईला शेजारून लांबवर जोड देऊन) जोडावीच लागते. मग झिंक प्रायमर, त्यावर पॉलिमर मॉर्टर थराथरानं.

थापी: क्लोराइड असेल तर नुसतं ठिगळ अंगाशी येतं. ठिगळाच्या कडेची जुनी सळई जोरात गंजू लागते. खारं काँक्रीट जिथवर आहे तिथवर काढा.

काळीमाती: एवढा खर्च चार फुटांसाठी कोण करणार? गळती बंद करा, तड्याच्या टोकांवर तारीख टाकून खूण करा, वर्षभर बघा.

ओळंबा: मातीच्या चिरेला ते चालेल. इथं खपली सुटलेली आहे आणि खाली माणसं झोपतात. सुटलेला भाग आजच पाडून घ्या, खर्चाचं नंतर बोलू.