'द पेनी ड्रॉप्ड' म्हणजे नेमकं काय?

राजारामपुरीकर: दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. धड्यात 'द पेनी ड्रॉप्ड' आलं, अर्थ सांगितला की उशिरा का होईना डोक्यात प्रकाश पडला, पण पोरं विचारत्यात पेनीच का, ते कुणी नीट सांगेल का?

रंकाळावाला: भावा, हे नाण्यावर चालणाऱ्या मशीनवरनं आलंय असं मानतात. पेनी म्हणजे इंग्लंडचं बारकं नाणं, ते टाकायचं, ते मधेच अडकायचं, खाली पडलं की मशीन चालू. 'स्पेंड अ पेनी' पण तसलंच, तिकडं सार्वजनिक संडासाच्या दाराला पेनी टाकून उघडायचं कुलूप असायचं, म्हणून लघवीला जाणं म्हणजे पेनी खर्च करणं.

शाहूपुरी४१६: आणि 'पेनी वाइज, पाउंड फूलिश' सांगताना पोरांना हिशोब सांगाच, १९७१ पर्यंत एका पाउंडात २४० पेनी होत्या, १०० नव्हे. म्हणजे पै-पै वाचवायची आणि मोठी रक्कम घालवायची यातली तफावत केवढी ते कळतं. काही जण याला 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, त्यात मूळ वस्तूपेक्षा वरखर्च जास्त एवढंच आहे.

रंकाळावाला: बरोबर. आपलं 'सोळा आणे खरं' पण घ्या की सर, रुपयाचे सोळा आणे, म्हणून पुरतं खरं. १९५७ ला दशमान पैसे आले तरी आमची आजी अजून तसंच बोलते.

राजारामपुरीकर: लई भारी, उद्या हेच फळ्यावर लिहितो. अमेरिकेचं 'निकल अँड डाइम' पण सांगा कुणीतरी.

शाहूपुरी४१६: निकल ५ सेंट, डाइम १० सेंट. बारीकसारीक पैसे काढत माणसाला पिळणं.