पद्मिनी की नेक्सॉन: घरच्यांना घेऊन घाटात कोणती काढाल?

कुर्लावाला: आमच्याकडे 1974 ची प्रीमियर पद्मिनी आहे, शेजारी भावाची टाटा नेक्सॉन उभी असते. माझ्या मते गाडी म्हणून पद्मिनीच सरस. 1089 सीसीचं इंजिन, पेट्रोल-हवा मिसळायला एक कार्ब्युरेटर, प्लगांना ठिणगी वाटायला एक डिस्ट्रिब्युटर; बोनेट उघडलं की सगळं समोर. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासा, प्लग साफ करा, निघा. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती इतकी दशकं चालवली, कारण कुठल्याही नाक्यावरचा मिस्त्री ती खोलून जोडायचा. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी थांबली तीही टॅक्सीच्या 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. शिवाय पत्रा बघा तिचा!

घाटवाट: पत्र्याचं कौतुक राहू द्या. 2009 मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्तेसुरक्षा संस्थेने 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची मॅलिबू ताशी 64 किलोमीटरने एकमेकींवर आदळवल्या. भारदस्त बेल एअरची केबिन चेपली. आतल्या पुतळ्याच्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूच्या चालकाला फार तर पायाला दुखापत झाली असती. नव्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळतं, धक्का तिथेच जिरतो. तुमच्या 1974 च्या गाडीला एअरबॅग सोडाच, सीटचे पट्टेसुद्धा नव्हते, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. खंडाळ्याच्या उतारावर ते तापले की पाय कितीही दाबा, ब्रेक नीट लागत नाही. नेक्सॉनला 2018 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले. लेकरं मागे बसवायची असतील तर मला यात वादच दिसत नाही.

कुर्लावाला: धडकेचं मान्य. पण गाडी रोज धडकत नाही, बिघडते मात्र नक्की. एका मित्राच्या नव्या गाडीचा सेन्सर ताम्हिणीत गेला. इंजिन ठणठणीत, तरी गाडी वेग घेईना. स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही, शेवटी टो करून पुण्याला आणली.

रांजणगाव_शिफ्ट: दोघंही एक विसरताय. नेक्सॉन रांजणगावला टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनते, आणि पद्मिनी म्हणजे फियाट 1100 च. तेव्हा ही परक्यांची भांडणं नाहीत. कुर्लावाले, गाडीची पन्नाशी झालीय. मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी करा आणि जपा. मात्र मग ती रोज फिरवता येत नाही, आणि तेच योग्य आहे.

कुर्लावाला: व्हीए घेणार नाही. उभी ठेवलेली गाडी सडते: रबर कडक होतं, टाकीत गंज चढतो. दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवतो. पुढच्या सीटना पट्टेही बसवलेत.

घाटवाट: पट्टे बसवलेत ते उत्तम केलंत. पण केबिन तीच. घाटात मुलांना तिच्यात नेऊ नका, एवढीच विनंती.

कुर्लावाला: नाही नेत. पण 2045 साली तुमच्या नेक्सॉनचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, गेला तर कुठून आणणार, हे कुणी सांगेल का?