नाताळचं जेवण: इंद्याल, सोरपोतेल, मोइली... आणि सोबत वाईन कोणती?

सुकेळी
मंडळी, मदत हवी आहे. यंदा नाताळचं दुपारचं जेवण आमच्या घरी आहे, वसईत. पिणारी माणसं दहा-बारा. आमच्याकडे नाताळात वाईन म्हणजे सासूबाईंनी बरणीत मुरवलेली मनुकांची, तीही केकसोबत आणि इवल्याशा ग्लासात. ती असणारच. पण नणंद कॅनडाहून येतेय आणि तिचं म्हणणं, जेवणासोबतही नीट वाईन असू दे.

ताटात हे असेल: फुगे (तळलेले गोल पाव), डुकराचं इंद्याल (मिरची-सिरक्यातलं), सोरपोतेल (डुकराचं मांस-काळीज सिरक्यात), बदकाची मोइली (कमी तिखट कालवण), तळलेली सुरमई, भात. नवऱ्याचा एक मित्र शाकाहारी आहे, त्याच्यासाठी भाज्यांचे चॉप्स आणि वाटाण्याची उसळ. गोडात प्लम केक, नेवऱ्या, कुलकुल, मिल्क क्रीम.

बजेट बाटलीमागे हजारापर्यंत, एखादी दीड-दोन हजारांची चालेल. दुकानातल्या काकांनी "मांसाहार ना, मग रेडच" म्हणत दोन जडशीळ बाटल्या पुढे ठेवल्या. अजून घेतलेल्या नाहीत.

द्राक्षबाग
नका घेऊ. मांसाला रेड, माशाला व्हाइट हा हिशेब ज्यांच्या जेवणात मिरची नाही त्यांनी मांडलेला आहे. तुमच्या ताटात मांस कोणतं हा प्रश्न दुय्यम. खरा कारभार मिरचीचा आणि सिरक्याचा.

अल्कोहोलने मिरचीची आग वाढते. साडेचौदा टक्क्यांची रेड इंद्यालवर प्यायलात तर घोटागणिक भडका. त्यात रेडमध्ये सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन असतं, त्याचा तुरटपणा तिखटासोबत खरखरीत लागतो. सिरक्याची गोष्ट वेगळी. आंबट घास खाल्ल्यावर कमी आंबटपणाची वाईन पाणचट वाटते. म्हणजे इंद्याल आणि सोरपोतेलला अशी बाटली शोधायची जी मुळात आंबटसर आहे, अल्कोहोल बेताचं आहे, किंचित गोडवा आहे आणि गार करून पिता येते.

हे वर्णन शेनिन ब्लांचं आहे. द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातलं, पण नाशिकला चांगलंच रुळलंय. सुला कंपनीची शेनिन गोडसर अंगाची असते, तुम्हाला तीच हवी. त्यांचीच सोव्हिन्यॉं ब्लां शेजारच्या फळीवर असते, ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. गडबडीत अदलाबदल करू नका.

आणि बाटलीवरचं साल वाचा. युरोपात द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. त्यामुळे याच वर्षीच्या तोडणीची शेनिन नाताळापर्यंत दुकानात आलेली असते आणि ती ताजीच चांगली. तीन-चार वर्षांपूर्वीची स्वस्तात मिळतेय म्हणून उचलू नका. दुकानाच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली तर नकोच.

सुरमईला रेड देऊ नका. रेडमधल्या लोहामुळे माशासोबत तोंडात धातूसारखी, हिवसट चव उरते. तळलेल्या तुकड्यांना आणि चॉप्सना स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळ वाईन द्या. तुमची दीड-दोन हजारांची बाटली इथे वापरा: शांदों ब्रूत, आपल्या दिंडोरीतच बनते. फेस आणि आंबटपणा मिळून तळणाचा तेलकटपणा जिभेवरून काढून टाकतात. पाहुणे आले की हीच आधी उघडा, फुग्यांसोबतही जाते.

कोपऱ्यातला_बल्लव
शेनिनबद्दल +१, पण सोरपोतेलबाबत असहमत. सोरपोतेल कुणी त्याच दिवशी करून त्याच दिवशी खात नाही. तीन-चार दिवस रोज गरम करून मुरवलं की सिरक्याचा चटका बसतो आणि काळीज, रक्त, चरबी यांची चव वर येते. तिच्यासमोर शेनिन म्हणजे सरबत. तिथे रेडच, आणि त्यातही शिराझच पाहिजे. शिराझला जो मिरीचा वास असतो तो ज्या द्रव्यामुळे येतो, रोटंडोन, तेच काळ्या मिरीतही असतं. गरम मसाल्याशी तिचं नातं असं थेट आहे.

द्राक्षबाग
@बल्लव, मुरलेल्या सोरपोतेलाचा मुद्दा मान्य. पण मग शिराझ ओकच्या लाकडी पिंपात न मुरवलेली, साधी घ्यायची. 'रिझर्व्ह' लिहिलेल्या बाटल्यांमध्ये बहुधा लाकडाचं टॅनिनही भरीला असतं आणि आपण पैसे जास्त मोजून भांडण विकत घेतो. शिवाय ती फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवून काढायची. 'रेड रूम टेंपरेचरला' म्हणतात ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. वसईत डिसेंबरच्या दुपारी पंखा लागतो.

राहिली मोइली. तिखट कमी, हळद-आलं-लसूण-हिरवी मिरची आणि बदकाची चरबी. रेड आणायचीच असेल तर ती हिच्यासाठी आणा. अकलूजच्या फ्रातेली कंपनीची सांजोव्हेझे बघा. इटलीचं द्राक्ष, सोलापूर जिल्ह्यातली माती. अंगाने मध्यम आणि आंबटपणा चांगला, त्यामुळे चरबी जड होत नाही. तुमच्या काकांचंही मन राहील.

लांबची_वहिनी
इथे परदेशात आम्ही मालवणी जेवणाला जर्मन रीसलिंग उघडतो, थोडी गोडसर असलेली. अल्कोहोल कधी कधी नऊ-दहा टक्केच. तिखटाला याहून चांगली सोबत मला तरी सापडलेली नाही. गेवुर्त्सट्रामिनरही बघ, लिचीसारखा वास.

कोपऱ्यातला_बल्लव
वहिनी, सल्ला सोन्यासारखा, पण आयातशुल्क भरलेली ती बाटली सुकेळीताईंच्या बजेटात बसायची नाही. त्यापेक्षा नणंद कॅनडाहून येतेय ना? भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्क न भरता आणता येतं. तिला आइसवाईन आणायला सांगा. ऑन्टारियोतल्या नायगराची प्रसिद्ध आहे. द्राक्षं वेलीवरच गोठू देतात, उणे आठ किंवा त्याहून खाली पारा गेला की तोडतात आणि गोठलेली असतानाच पिळतात. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, उतरतो तो मधासारखा रस. बाटली छोटी असते, पण प्यायचीही घोटभरच. मिल्क क्रीम आणि नेवऱ्यांसोबत ठेवा.

बाटलीमसाला
वसईचाच आहे, त्यामुळे राहवलं नाही. गोडाच्या बाबतीत एक नियम पक्का धरा: वाईन पदार्थापेक्षा गोड हवी. केकसोबत शेनिन किंवा ब्रूत दिलीत तर ती लिंबूपाण्यासारखी आंबट लागेल आणि सगळे वाईनला नावं ठेवतील. प्लम केकला सासूबाईंची मनुकांची वाईनच द्या. केकमध्येही मनुका, ग्लासातही मनुका, याहून बरं काय शोधणार? तिच्याऐवजी दुकानातली बाटली ठेवलीत तर घरात जे होईल त्याला धागा जबाबदार नाही. :)

कुणीतरी गोव्याची पोर्ट आणेलच. ती स्वस्तातली म्हणजे साखर घातलेली रेड, केकसोबत मजा येते, तक्रार नाही. पण खऱ्या पोर्टशी तिची तुलना नको. पोर्तुगालच्या दोऊरो खोऱ्यातल्या पोर्टमध्ये आंबणं चालू असतानाच द्राक्षाचं स्पिरिट ओततात. त्याने यीस्ट मरतं, द्राक्षाची साखर तशीच उरते आणि अल्कोहोल एकोणीस-वीस टक्क्यांवर जातं.

अवांतर: इंद्याल हा पदार्थच पोर्तुगिजांनी आणला. वसई त्यांच्याकडे १५३४ ते १७३९. त्यांच्याकडे मांस वाईन आणि लसणीत मुरवत, इथे वाईनच्या जागी सिरका आला, मिरची आली. तेव्हा इंद्यालसोबत वाईन ठेवणं ही नणंदेची परदेशी फॅशन आहे असं कुणी म्हणालं तर खुशाल हे सांगा.

नुसतं_वाचणारा
वाचनखूण साठवली. एक शंका: बारा माणसांना बाटल्या किती? आणि स्पार्कलिंग उघडताना बूच छताला लागतं त्याचं काय?

द्राक्षबाग
७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. दुपारच्या जेवणाला माणशी अर्धी बाटली धरा, म्हणजे सहा, वर एक हाताशी. सगळे सारखंच पीत नाहीत, वसईत तर नाहीच.

बूच उडण्याचं कारण बहुतेक वेळा बाटली पुरेशी गार नसणं किंवा हलवलेली असणं. आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, फुटते. तार सोडली की अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट धरून ठेवा आणि बाटली फिरवा. फुस्स असा आवाज आला पाहिजे, फटाक्याचा नाही. माणसांच्या तोंडाकडे मात्र धरू नका, डोळे जातात.

फ्रीजमध्ये सोरपोतेलाची पातेली असणार, जागा नसणार हे गृहीत धरून: बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर जाडं मीठ. पंधरा-वीस मिनिटांत शेनिन गार. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाण्याशिवाय बाटलीला बर्फ सगळीकडून लागत नाही.

सुकेळी
सगळ्यांना धन्स! यादी अशी करतेय: शांदों ब्रूत एक, सुला शेनिन तीन, सांजोव्हेझे दोन, साधी शिराझ एक (बल्लवदादांसाठी). आइसवाईनचा निरोप नणंदेला गेला, ती म्हणाली वाटलंच होतं. मनुकांच्या वाईनबद्दल बाटलीमसाला यांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला, त्या तुम्हाला जेवायला बोलावतायत.

शाकाहारी मित्राच्या उसळीला काय? आणि शेनिन उरली तर किती टिकते?

द्राक्षबाग
उसळीत ओलं खोबरं असेल तर शेनिनच, नसेल तर चॉप्ससोबतची ब्रूत पुढे चालू ठेवा. उघडलेली शेनिन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवली तर तीन दिवस तरी चांगली राहते. ब्रूतच्या तोंडात चमचा घालून ठेवायचा सल्ला कुणी देईल, त्याने फेस अडत नाही. दाबाचं झाकण मिळतं ते आणा, किंवा जेवतानाच संपवा.