तांग कवितेवरचा ॲम्बियंट ट्रॅक: एकच पाऊस दोनदा कसा वाजवायचा?

निशाचर
नवव्या शतकातला तांग कवी ली शांग-यिन याच्या ‘रात्रीच्या पावसात, उत्तरेला’ या चार ओळींच्या कवितेवर ॲम्बियंट (मागे संथ चालत राहणाऱ्या वातावरणी संगीताचा) ट्रॅक बांधतोय. शब्द गायचे नाहीत, बांधणी मात्र कवितेचीच हवी. अर्थ साधारण असा:

परत कधी येणार, विचारलंस. तारीख ठरलेली नाही.
बाशानच्या डोंगरांत रात्रीचा पाऊस, शरदातलं तळं भरत चाललंय.
पश्चिमेच्या खिडकीशी बसून आपण मेणबत्तीची वात पुन्हा कधी कापणार,
आणि बाशानच्या या रात्रीच्या पावसाबद्दल कधी बोलणार?

हाताशी गुछिनचे (सात तारांचं चिनी वाद्य) नमुने, पावसाचं ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग, एक ड्रोन (सतत चालणारा आधाराचा सूर) आणि मंदिराच्या घंटेचा नमुना आहे. सगळं एकत्र केलं की मसाज पार्लरमधलं संगीत वाटतं, पाऊस नुसता ‘श्श्श’ होतो, आणि १४ मिनिटांत वेळ पुढे सरकल्याचं अजिबात जाणवत नाही. १७, २३ आणि २९ सेकंदांचे तीन लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) एकावर एक सोडलेत. कुठे चुकतंय?

पागोळी
आधी घंटा काढा. मध्यरात्रीची घंटा झांग जी या दुसऱ्या तांग कवीच्या कवितेतली, सूझौच्या हानशान मंदिराची. या कवितेत पाऊस, कात्री आणि बोलणं, एवढेच आवाज आहेत.

लूपबद्दल: १७, २३, २९ मूळ संख्या असल्याने तिन्हींची सुरुवात पुन्हा जुळायला ११,३३९ सेकंद, म्हणजे तीन तास नऊ मिनिटं लागतील. पुनरावृत्ती होत नाही हे खरं, पण अशा रचनेला दिशाही नसते. ती तळ्याकाठी बसून राहण्यासाठी ठीक आहे. ही कविता मात्र आजपासून भविष्यात जाते, आणि त्या भविष्यातून मागे वळून आजच्याच रात्रीकडे बघते. मूळ चिनीत ‘बाशान रात्र पाऊस’ ही चार अक्षरं दुसऱ्या ओळीत येतात आणि चौथीत जशीच्या तशी परत येतात. सगळी कविता त्या परत येण्यावर उभी आहे.

लांबी १४ मिनिटं २४ सेकंद धरा. जुन्या चीनमध्ये दिवसाचे १०० ‘ख’ करत, त्यातला हा एक ख. (आपल्या घटकेपेक्षा लहान, ती २४ मिनिटांची.) अक्षरं २८, म्हणजे एका अक्षराला सुमारे ३१ सेकंद आणि एका ओळीला ३:३६. पहिला पाऊस ३:३६ ते ५:३९. तळं भरणं ५:३९ ते ७:१२. तिसऱ्या ओळीत पाऊस अजिबात नको. दुसरा पाऊस ११:५० ते १३:५३. शेवटचं अक्षर आहे ‘शि’, म्हणजे वेळ. त्याला उरलेली ३१ सेकंदं द्या. पहिल्या ओळीत ‘तारीख’ हे अक्षर चौथ्या आणि सातव्या जागी आहे: १:३३ आणि ३:०५ ला एकच स्वर, एकाच तारेवर.

दुसऱ्या पावसाला फाइलचा तोच तुकडा, त्याच थेंबापासून लावा. नवा पाऊस लावलात तर कविता गेली. आणि आठवण दाखवायची म्हणून टेपची खरखर किंवा उलटा आवाज घालू नका. ही जुनी आठवण नाही, अजून न घडलेल्या एका रात्री निघणारी आठवण आहे. खरखर ऐकू आली की कान लगेच भूतकाळ गृहीत धरतो.

ध्वनिलेखक
‘श्श्श’ होण्याचं कारण असं, की दूरच्या पावसात लाखो थेंब एकमेकांत मिसळून तो जवळजवळ पांढरा गोंगाट होतो, आणि वर रिव्हर्ब (घुमारा) दिला की उरलेसुरले सुटे थेंबही पुसले जातात. दोन थर करा. दूरचा पाऊस ४ किलोहर्ट्झच्या वर कापून, १५० हर्ट्झच्या खालची घरघर काढून, अगदी मागे ठेवा. जवळच्या थरात कौलावरून दगडावर पडणारे मोजके थेंब, सेकंदाला दोन-तीन, रिव्हर्बशिवाय. गुछिन वाजेल तेव्हा दूरचा थर २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३ डेसिबल खाली ओढा. तारेवरचा नखाचा आवाज तिथेच असतो. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत पावसाचा चिखल होतो, तेव्हा ट्रॅक फ्लॅकमध्येच (आवाजातलं काही न गाळणारी फाइल) द्या.

दुसरा पाऊस नुसता फिल्टर लावून खोलीतला वाटणार नाही. पहिल्या पावसाचे दोन्ही थर एकत्र मोनो करून लहान स्पीकरवर बंद खोलीत वाजवा, दोन मीटरवर माइक ठेवून परत रेकॉर्ड करा, आणि मूळच्यापेक्षा ९ डेसिबल खाली बसवा. तिसऱ्या ओळीआधी पाऊस एकदम तोडलात तर संकलन चुकल्यासारखं वाटतं. ५:३९ पासून २० सेकंदांत विरघळू द्या. तिसऱ्या ओळीखाली त्याच खोलीची शांतता, तीही रेकॉर्ड केलेली. डिजिटल शून्य ठेवलंत तर हेडफोन बंद पडल्याचा भास होतो.

आता तळं. एका टोकाला पेर असलेली बांबूची नळी घ्या: आतून व्यास ४ सेंमी, खोली ३१.५ सेंमी. तोंडाशी माइक. वर ठेवलेल्या बाटलीतून सेकंदाला साधारण २.२ मिली अशी बारीक धार सोडा. पाणी चढतं तसा वरचा हवेचा स्तंभ आखूड होऊन सूर चढतो. रिकामी नळी पांढरी एकच्या (पेटीची पांढरी पट्टी, पाश्चात्य C) आसपास बोलते, १६.५ सेंमी पाणी चढलं की वरची पांढरी एक. हे ९३ सेकंदांत होतं, म्हणजे ५:३९ ते ७:१२. मजा अशी की बरोबर निम्मं पाणी भरतं तेव्हा सूर पांढरी चारवर असतो: पहिल्या अर्ध्यात चार स्वरांची चढण, दुसऱ्या अर्ध्यात पाचांची. वेळ वेग घेतोय असं कानाला वाटतं आणि त्यासाठी काहीच ऑटोमेशन (सॉफ्टवेअरमधून आखलेले बदल) लागत नाही. मात्र वरच्या बाटलीतली पातळी उतरली की दाब कमी होऊन धार मंदावते. चिनी जलघड्याळात याचसाठी एकाखाली एक भांडी ठेवत. तुम्ही बाटली सतत काठोकाठ भरती ठेवा. आणि खोलीत ३० अंश असतील तर २० अंशांच्या मानाने सूर सुमारे ३० सेंट (१०० सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढा येईल, नळी त्याप्रमाणे किंचित लांब कापा.

मंद्रपंचम
निम्म्या पाण्यावरची ती पांढरी चार फुकट जाऊ देऊ नका! गुछिनच्या सात तारा रूढ जुळणीत पांढरी चारचा सा धरला तर अशा येतात: प, ध, सा, रे, ग, प, ध. म्हणजे भूपाचेच स्वर, आणि बांबू मंद्र प पासून सा वरून प वर जातो.

मसाज पार्लरचा वास इथूनच येतो. या पाच स्वरांत काहीही वाजवलं तरी खटकत नाही. नऊ-दहा सेकंदांचा रिव्हर्ब दिला की पाचही स्वर एकत्र तरंगत राहतात आणि काही घडतच नाही. रिव्हर्ब अडीच सेकंदांवर आणा, ड्रोन दुसऱ्या ओळीनंतर बंद करा. गुछिनमध्ये तार छेडल्यावर डावा हात घसरत राहतो, स्वर विझल्यावरसुद्धा; शेवटी नुसतं घर्षण ऐकू येतं. कम्प्रेसर (मोठे-लहान आवाज सारखे करणारं साधन) लावलात तर ते घर्षण फुगून खरडल्यासारखं होतं, म्हणून लावूच नका. पहिल्या ओळीला खुल्या तारा, दुसरीला दाबून घसरते स्वर, तिसरीला फक्त हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेले घंटेसारखे स्वर). हार्मोनिकसाठी गुछिनवरच्या १३ खुणांपैकी सातवी (तारेचा मध्य) आणि नववी (दोन तृतीयांश) सर्वांत स्वच्छ बोलतात.

निशाचर
घंटा आणि लूप काढले. अक्षरांच्या चिनी सुरांवरून स्वरांचा चढउतार घ्यावा का? मँडरिन उच्चार हाताशी आहेत.

पागोळी
घ्या, पण मँडरिनवरून नको. तांग काळी अक्षरं ‘सम’ आणि ‘वक्र’ अशा दोन गटांत मोजत. क, त, प वर तुटणारी अक्षरं वक्र गटात होती. मँडरिनमध्ये ते शेवटचे व्यंजन गळले. तिसऱ्या ओळीचं शेवटचं अक्षर ‘मेणबत्ती’: मँडरिनमध्ये ‘चू’, चढता सूर, म्हणजे सम वाटतो. मुळात ते वक्र आहे. कँटोनीजमध्ये अजून ‘चुक्’ असं तुटतं. सम अक्षराला पूर्ण विझू दिलेला स्वर, वक्राला घसरता किंवा हाताने दाबून थांबवलेला, एवढं पुरे. पहिली ओळ: सम वक्र सम सम, वक्र वक्र सम.

‘मेणबत्ती’चं अक्षर १०:१७ ला सुरू होतं. तिथे कात्रीचा एक आवाज आणि तार लगेच दाबलेली. नंतरच्या अर्ध्या मिनिटात काही घालू नका.