सेंट फ्रान्सिसही डीकनच होते
डीकन (कॅथलिक चर्चमध्ये फादरच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, ऐकू शकत नाही, मग मरणाच्या तयारीत त्याचा काय उपयोग, असं काहीजण विचारतात. कन्फेशन आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार हे फादरचंच काम हे खरं, पण शेवटचा कम्युनियन (पवित्र भाकरीचा प्रसाद) डीकन देऊ शकतो, दफनविधीही करतो. आणि इटलीतल्या असिसीचे, फ्रान्सिस्कन संघ स्थापणारे सेंट फ्रान्सिस डीकनच होते की, फादर कधी झालेच नाहीत! १२२६ च्या ऑक्टोबरात गेले तेव्हा डोळे जवळजवळ गेलेले, अंगात त्राण नाही, तरी मरणाला बहीण म्हणत होते, आपल्या स्तोत्रात तिच्यासाठी कडवं जोडलं, उघड्या जमिनीवर झोपवायला सांगितलं, योहानाचं शुभवर्तमान वाचून घेतलं. मला मात्र आवडतं ते वेगळंच, रोमच्या त्यांच्या मैत्रीण जाकोबाबाईंना त्यांनी निरोप लिहायला लावला की येताना ती बदामाची मिठाई आणा, मी आजारी असताना द्यायचात ती. (एरवी उपासतापास करणारा माणूस हा!)

आपल्याकडे आजाऱ्यासमोर मरणाचा विषय काढला की अभद्र बोलू नको म्हणतात, आणि फादर येईपर्यंत पेशंट बेशुद्ध, मग कन्फेशन करणार कसं? शुद्धीत असतानाच बोलवा, तेलाचा संस्कार काही फक्त शेवटच्या घटकेला नसतो, मोठ्या ऑपरेशनआधीही घेता येतो.