कोपऱ्यावरच्या इराणी बेकरीबद्दल कुणी सांगेल का?

अबोली: गिरगावात आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर इराण्याची बेकरी होती. आजोबा रोज सकाळी तिथून पावाची लादी आणायचे, रविवारी ब्रुन, म्हणजे कडक पाव. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. मुलीला शाळेत 'परिसरातलं जुनं दुकान' असा प्रकल्प दिलाय. इराणी म्हणजे पारशीच का? आणि ही माणसं मुंबईत आली कशी?

भट्टीवाल्याचा मुलगा: धर्म बहुतेकांचा एकच, जरथुष्ट्री, पण येण्याचा काळ फार वेगळा. पारशांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले. इराणी आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, मुख्यतः इराणमधल्या यझ्द आणि केरमानकडून. तिकडे त्यांना जिझिया भरावा लागे. मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हतारियांनी कित्येक वर्षं खटपट केली, तेव्हा १८८२ मध्ये तो कर उठला. १८७० च्या सुमारास तिकडे मोठा दुष्काळही पडला होता.

आता घरातलं सांगतो. माझे वडील अठरा वर्षं माझगावच्या एका इराणी बेकरीत भट्टीवर होते. संध्याकाळी मैदा मळायचा, रात्रभर फुगू द्यायचा आणि पहाटे तीनला पहिला घाण भट्टीत. शेठ स्वतः येऊन भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा टाकायचे. मैदा हळूहळू बदामी झाला तर पाव घालायचे, लगेच काळा पडला तर थांबायचं. थर्मामीटर नव्हताच. लादीचे गोळे एकमेकांना चिकटून लावतात, म्हणून पावाच्या कडा मऊ राहतात. ब्रुन सुटा भाजतात, म्हणून चहूबाजूंनी कडक होतो. वडिलांच्या हाताला शेवटपर्यंत खमिराचा वास होता. मला अजून तो वास आला की पहाट आठवते.

मुलीला एक नक्की सांगा: मालक इराणी असला तरी भट्टीवर आमच्यासारख्यांच्या घरची माणसं होती. हे कुठे लिहिलेलं सापडत नाही.

कॅम्पकर: प्रकल्पासाठी तारखा हव्या असतील तर: धोबीतलावचं कयानी अँड कंपनी १९०४ चं, ग्रँट रोडचं बी. मेरवान १९१४ चं. आमच्या पुण्यातली ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ ची. तिथे दुपारी दुकान बंद असतं, श्रूजबरी बिस्किटं घ्यायला सकाळीच जा.

अबोली: खूप आभार! कोपऱ्याचं काय? आजी म्हणायची, कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानायचे, म्हणून ती इराण्यांना मिळाली.

भट्टीवाल्याचा मुलगा: ही गोष्ट मुंबईत सगळेच सांगतात. शेठ एवढंच म्हणायचे की दोन रस्त्यांना दार असलं की गिऱ्हाईक दोन्हीकडून येतं.

आणखी एक. लाकडावर नि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं, असा उच्च न्यायालयाचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये आला. धुराने शेजाऱ्यांना त्रास होतो, ते खरंच आहे. वडिलांची छाती त्याच धुराने गेली. पण विटांनी रात्रभर धरून ठेवलेली धग होती, त्यावर ब्रुन जसा व्हायचा तो मला परत कुठेच मिळाला नाही. मुलीला जुनी भट्टी बघायला न्या, जिथे अजून असेल तिथे. पहाटे चारला जावं लागेल.